विश्वास आणि पडताळा

राज्यकर्त्यांनी एखादा आकडा जाहीर करावा आणि प्रजेने तो निमूटपणे मान्य करावा, ही रीत फार जुनी आहे. शेतसारा किती द्यावयाचा, धरणातून पाणी किती सुटणार, कारखान्याच्या धुरात विष किती आहे, या प्रश्नांची उत्तरे पूर्वी कारकुनाच्या वहीतून येत. आज ती बहुधा संगणकाच्या पडद्यावर येतात. वही आणि पडदा यांत अंतर पुष्कळ आहे. परंतु उत्तर ज्याच्यावर लादले जाते त्याच्या मनातील प्रश्न मात्र बदललेला नाही. हा हिशेब कोणी केला, कशाच्या आधारे केला, आणि तो चुकला असेल तर ती चूक दाखवावयाची कोणाला? सुरत शहर आणि त्याच्या भोवतालचा तापीकाठचा मुलूख यांनी गेल्या शंभर वर्षांत हा प्रश्न निरनिराळ्या वेशांत अनुभवला आहे. म्हणून संगणकाच्या युगातील विश्वासाची चर्चा करताना प्रारंभ बारडोलीपासून केला तर तो अप्रस्तुत ठरू नये.

बारडोली हा सुरत जिल्ह्यातील तालुका. मुंबई इलाख्याच्या पद्धतीप्रमाणे साधारणतः ३० वर्षांनी साऱ्याची फेरआकारणी होत असे. त्यानुसार जयकर नावाच्या अधिकाऱ्याने तालुक्याची पाहणी करून साऱ्यात सुमारे ३० टक्के वाढ सुचविली. जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी जयकरांची कारणमीमांसा बाजूला सारली, पण जमिनीच्या खंडाचे आकडे पुढे करून जवळजवळ तेवढीच वाढ योग्य ठरविली. अखेर जुलै १९२७ मध्ये सरकारने सुमारे २२ टक्क्यांची वाढ कायम केली. शेतकऱ्यांचे अर्ज आणि कायदेमंडळातील सभासदांच्या विनवण्या निष्फळ ठरल्या. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा निर्धार झाला. जप्त्या आल्या, म्हशी नेल्या गेल्या, जमिनी खालसा झाल्या, तरी तालुका हटला नाही.

हा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो. त्यातील एक गोष्ट मात्र पुष्कळदा नजरेआड होते. सारा मुळीच देणार नाही, असे बारडोलीचे शेतकरी म्हणत नव्हते. त्यांची मागणी अशी होती की, एक तर जुना सारा स्वीकारावा, नाही तर वाढीचा हिशेब निःपक्षपाती चौकशीपुढे ठेवावा. ६ ऑगस्ट १९२८ च्या तडजोडीने ती चौकशी मान्य झाली. न्यायखात्यातर्फे ब्रूमफील्ड आणि महसूलखात्यातर्फे मॅक्सवेल असे दोन अधिकारी नेमले गेले. यांपैकी ब्रूमफील्ड हे गांधीजींना १९२२ साली सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश; शेतकऱ्यांच्या पक्षपाताचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकला नसता.

चौकशी सुरू झाली आणि आकड्यांच्या पोटात काय दडले होते ते बाहेर येऊ लागले. शेतकऱ्यांच्या बाजूने नरहरी परीख आणि महादेव देसाई यांनी कागद तपासले होते. तालुक्यातील सुमारे एकतृतीयांश जमीन खंडाने दिली जाते, या समजुतीवर आकारणीचा डोलारा उभा होता. प्रत्यक्षात सात वर्षांतील खंडपत्रांची बेरीज एका वर्षाची म्हणून धरली गेली होती. कित्येक ठिकाणी खंड म्हणून नोंदलेली रक्कम ही वास्तविक गहाणावरील व्याज होती. खालच्या कारकुनांनी भरलेले तक्ते वरच्या अधिकाऱ्याने गावात जाऊन तपासले नव्हते. तक्ता वर चढत गेला तसतशी त्याच्यावरील सह्यांची संख्या वाढली, अधिकार वाढला. खरेपणा मात्र होता तेवढाच राहिला. समितीने अखेर जी वाढ सुचविली ती ६.०३ टक्के होती. २२ आणि ६ यांतील अंतर म्हणजे एका न तपासलेल्या हिशेबाची किंमत होय.

येथे कोणी म्हणेल की, ही लबाडी होती. तसे मानण्याचे कारण नाही. अधिकाऱ्यांनी आकडे जाणूनबुजून खोटे केले असे म्हणावयास आधार लागत नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही पडत नाही. ज्यांच्या जमिनीविषयी हे आकडे होते त्यांना ते तपासण्याचा अधिकारच नव्हता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ज्याला चूक ठाऊक आहे त्याचे तोंड बंद असेल आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला चूक ठाऊक नसेल, तर प्रामाणिक माणसांच्या हातूनही अन्याय होतो. सत्तेविषयी साशंक असणाऱ्या सर्व विचारपरंपरांचे हेच सार आहे. सत्ताधारी दुष्ट असतो असे त्या मानत नाहीत. त्याला दुरुस्त करणारा कोणी नसेल तर तो चुकत राहतो, एवढेच त्या मानतात. गांधी, विनोबा आणि जयप्रकाश यांनी राज्यनीतीहून लोकनीती वेगळी मानली, तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे.

बारडोलीच्या लढ्याचे प्रसिद्धीचे काम जुगतराम दवे यांच्याकडे होते. पुढे त्यांनी जवळच्या वेडछी येथे आदिवासींमध्ये आश्रम चालविला. महादेव देसाई यांचे पुत्र नारायण देसाई हेही पुढे वेडछीसच राहिले आणि जयप्रकाशांच्या निधनानंतर त्यांनी तेथे संपूर्ण क्रांती विद्यालय उभारले. पित्याने जमिनीचे आकडे तपासले. पुत्राच्या पिढीसमोर वेगळ्याच आकड्यांचा प्रश्न आला. वेडछीहून फार दूर नसलेल्या काकरापार येथे अणुवीज केंद्र उभे राहत होते. त्याची पहिली भट्टी १९९२ मध्ये आणि दुसरी १९९५ मध्ये सुरू झाली. या काळात, १९८७ पासून, वेडछीहून ‘अणुमुक्ती’ नावाचे नियतकालिक निघू लागले. पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतलेले सुरेंद्र गाडेकर आणि नारायण देसाई यांच्या कन्या डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी ते चालविले. १९९१ मध्ये त्यांनी राजस्थानातील रावतभाटा येथील अणुकेंद्राजवळच्या गावांत घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी केली आणि तिची तुलना दूरच्या गावांशी केली. केंद्राजवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक आढळते, हा त्यांचा निष्कर्ष अणुऊर्जा खात्याला मान्य झाला नाही. वाद झाला. तथापि वाद होण्यासाठी दोन हिशेब असावे लागतात. त्या पाहणीपूर्वी एकच हिशेब होता आणि तो खात्याचा होता.

काकरापारचा अनुभव याहूनही बोलका आहे. जून १९९४ मध्ये अतिवृष्टीने जवळच्या तलावाचे पाणी चढले आणि केंद्राच्या टर्बाइनच्या इमारतीत शिरले. पहिली भट्टी त्या वेळी बंद होती, म्हणून प्रसंग टळला. ही हकीकत लोकांपुढे आली ती एका कर्मचाऱ्याने वृत्तपत्रास लिहिलेल्या पत्रामुळे. त्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बडतर्फी कायम ठेवली. नोकरीची शिस्त आणि संस्थेची गुप्तता यांची बाजू न्यायालयाने विचारात घेतली असेल. परंतु नदीकाठच्या गावकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न शिल्लकच राहतो. आपल्या उशाशी पाणी शिरले हे त्याला कळावे, यासाठी कोणाची तरी नोकरी जावी लागते, ही व्यवस्था विश्वास निर्माण करणारी म्हणता येईल काय? त्या काळी अणुकेंद्रांवर देखरेख करणारे मंडळ कायद्याने नव्हे तर सरकारी आदेशाने, १९८३ मध्ये स्थापन झालेले होते, आणि केंद्रे चालविणाऱ्या खात्याच्याच वर्तुळात ते उत्तरदायी होते. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरचे असले म्हणजे निकाल खरा असूनही लोकांचा त्यावर भरवसा बसत नाही. या मंडळाला कायद्याचे अधिष्ठान मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

तिसरा प्रसंग खुद्द सुरतेचा आहे. तापी नदी मध्यप्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, खानदेशातून वाहते, पूर्णा, गिरणा, पांझरा यांचे पाणी घेते आणि उकाई धरणात शिरते. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणावर तीन कामे सोपविलेली आहेत. उन्हाळ्यासाठी पाणी साठवावे, वीज निर्माण करावी आणि सुरतेला पुरापासून वाचवावे. पहिल्या दोन कामांसाठी धरण भरलेले हवे. तिसऱ्यासाठी ते रिकामे हवे. पावसाळ्यात कोणत्या तारखेस पातळी किती ठेवावी याचे कोष्टक असते, आणि वर किती पाऊस पडणार या अंदाजावर ते पाळावयाचे की मोडावयाचे हे ठरते. ऑगस्ट २००६ मध्ये खानदेशात आणि त्याच्या वर जोराचा पाऊस झाला, धरण अगोदरच बरेच भरलेले होते, आणि अखेर सुमारे नऊ लाख क्यूसेक इतके पाणी सोडावे लागले. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. उधना, लिंबायत या भागांत राहणाऱ्या हजारो मराठी, विशेषतः खानदेशी, कुटुंबांच्या दृष्टीने हा पूर एका विचित्र अर्थाने माहेरचाच होता. पाणी त्यांच्याच गावांकडून आले होते.

पूर ओसरल्यावर वाद सुरू झाला तो पावसाविषयी नव्हता, हिशेबाविषयी होता. पाणी अगोदरपासून थोडे थोडे का सोडले नाही? कोष्टक बरोबर होते काय? अंदाज कोणाकडे होता आणि तो कोणास कळविला? पुढे २०१२ मध्ये शहरात हवामानबदलासाठी एक विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि पाऊस, धरणातील आवक, विसर्ग व शहरातील पाण्याची पातळी यांना जोडणारी पूर्वसूचनेची व्यवस्था उभारण्यात आली. ही निश्चितच मोठी सुधारणा होय. पण तिच्याबरोबर एक नवी गोष्टही आली. जे गणित पूर्वी अभियंत्याच्या कोष्टकात होते ते आता संगणकाच्या आज्ञावलीत गेले.

आज्ञावली, म्हणजे ज्याला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात ते, काय असते? कोणती माहिती घ्यावी, तिच्यावर कोणती क्रिया करावी आणि उत्तर कसे मांडावे यांच्या सूचनांची ती एक लांबलचक यादी असते. ती दोन रूपांत असते. माणसाने लिहिलेले आणि माणसास वाचता येईल असे तिचे एक रूप आहे; त्यास मूळ आज्ञावली म्हणतात. तिचे भाषांतर होऊन यंत्रास समजेल असे आकड्यांचे दुसरे रूप तयार होते. गिऱ्हाइकाच्या, कचेरीच्या किंवा नगरपालिकेच्या हाती पुष्कळदा हे दुसरेच रूप पडते. ते चालविता येते, वाचता येत नाही. बारडोलीच्या शेतकऱ्याच्या हाती साऱ्याची मागणी पडत असे आणि खंडाचे तक्ते कचेरीत राहत, त्यातलाच हा प्रकार आहे.

या स्थितीत केवढा अनर्थ घडू शकतो, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तेथील टपालखात्याने १९९९ पासून गावोगावच्या टपालकचेऱ्यांत होरायझन नावाची हिशेबाची आज्ञावली बसविली. यंत्राच्या हिशेबात तूट दिसू लागली की ती टपालकचेरी चालविणाऱ्या माणसाने भरावी, नाही तर चोरीच्या आरोपास तोंड द्यावे, असा प्रकार सुरू झाला. तेथील न्यायालये, उलट पुरावा नसेल तर संगणक बरोबर चालत असल्याचे गृहीत धरीत. आणि उलट पुरावा यंत्राच्या पोटात, म्हणजे फिर्यादीच्याच ताब्यात होता. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसांना शिक्षा झाल्या. कित्येक तुरुंगात गेली, कित्येकांची घरे गेली, काहींनी जीव दिला. प्रत्येकास वाटे की, चुकणारा आपण एकटाच आहोत. २००९ मध्ये अ‍ॅलन बेट्स नावाच्या अशाच एका गृहस्थाने पीडितांना एका खेड्यातील सभागृहात एकत्र केले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्या आज्ञावलीतील दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. बारडोलीत जे काम सहा महिन्यांच्या सत्याग्रहाने आणि एका चौकशीने झाले, त्यास येथे पंधरा-वीस वर्षे लागली. बारडोलीचा तालुका एकत्र नांदत होता. टपालकचेऱ्यांची माणसे परस्परांना ओळखतही नव्हती.

पर्यावरण आणि आज्ञावली यांची गाठ फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या प्रकरणात पडली. तिच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली, मोटार प्रयोगशाळेत तपासली जात आहे की रस्त्यावर धावत आहे, हे ओळखत असे. तपासणीत धूर नियमाप्रमाणे निघे. रस्त्यावर विषारी नायट्रोजन ऑक्साइडे कितीतरी पट अधिक निघत. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झाले, आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारी त्यात सापडल्या. हे कोणा बलाढ्य सरकारी यंत्रणेने प्रथम हेरले नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील काही संशोधकांनी मोजण्याचे यंत्र मोटारीच्या धुराड्यास जोडले आणि ती रस्त्यावर चालवून पाहिली. गाडेकर दांपत्याने रावतभाट्यास जे केले त्याच जातीचा हा उपक्रम होता. कागदावर जे लिहिले आहे ते घराच्या दारात जाऊन पाहणे, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

मग विश्वासार्ह आज्ञावली म्हणावयाचे तरी कशाला? या तीन-चार प्रसंगांतून काही कसोट्या सहज निघतात. पहिली कसोटी अशी की, जिच्या उत्तरावर लोकांचे जीवित, वित्त किंवा स्वातंत्र्य अवलंबून आहे ती आज्ञावली मूळ रूपात पाहावयास मिळाली पाहिजे. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीची चळवळ सुरू केली ती याच आग्रहातून. दुसरी कसोटी, जी आज्ञावली वाचली तीच यंत्रात चालू आहे, हे सिद्ध करता आले पाहिजे. केन थॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ मध्येच दाखवून दिले होते की, मूळ आज्ञावली निर्दोष असूनही भाषांतर करणारे यंत्र तिच्यात कपट मिसळू शकते. म्हणून एकाच मूळ आज्ञावलीचे भाषांतर निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे करावे आणि ते अक्षरशः जुळते का पाहावे, अशी पद्धत आता रूढ होत आहे. तिसरी कसोटी, आत घातलेली माहिती कोठून आली हे उघड असावे. कारण निर्दोष गणिताला सदोष तक्ता दिला तर उत्तर सदोषच येते, हे बारडोलीने शिकविले. चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची. चूक दाखविणाऱ्याला शासन न होता ती दाखविता आली पाहिजे, आणि निर्णय करणारा परीक्षक दोन्ही पक्षांपासून वेगळा असला पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सर्व काही उघड केले तर चोरांचे फावेल. हा आक्षेप पोकळ नाही. किल्ल्या, संकेतशब्द, नागरिकांची खाजगी माहिती ही गुप्तच राहिली पाहिजेत. परंतु किल्ली गुप्त ठेवणे आणि कुलपाची रचना गुप्त ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या कुलपाची रचना सर्वांनी पाहिली आणि तरीही ते किल्लीवाचून उघडले नाही, तेच खरे मजबूत. दुसरा आक्षेप असा की, सामान्य मनुष्याला आज्ञावली वाचता कोठे येते? तीही गोष्ट खरी आहे. बारडोलीच्या किती शेतकऱ्यांना जमाबंदीचा इंग्रजी अहवाल वाचता येत होता? त्यांच्या वतीने परीख आणि देसाई यांनी तो वाचला. कागद उघड असेल तर वाचणारा मिळतो. कागदच बंद असेल तर विद्वानही निरुपयोगी ठरतो. अर्थात उघडेपणा म्हणजे निर्दोषपणा नव्हे. २०१४ मध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मुक्त आज्ञावलीत दोन वर्षे राहून गेलेला गंभीर दोष सापडला. ती उघडी होती, पण पुरेशा माणसांनी ती वाचली नव्हती. पडताळ्याचा अधिकार असून भागत नाही. तो वापरणारी, आणि त्यासाठी पोट भरण्याची सोय असलेली, माणसेही लागतात.

आपल्या देशात या दिशेने काही पावले पडली आहेत. राजस्थानातील मजुरांनी १९९४ पासून जनसुनावण्यांत हजेरीपट जाहीरपणे वाचून दाखविण्याची प्रथा पाडली. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि २००५ मध्ये तो देशभर आला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्त आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. कोविडच्या साथीत काढलेल्या आरोग्य सेतू या उपकरणावर पुष्कळ टीका झाल्यानंतर मे २०२० मध्ये त्याच्या एका आवृत्तीची मूळ आज्ञावली प्रसिद्ध करण्यात आली. ही पावले छोटी आहेत, तरी दिशा योग्य आहे. उलट दिशेनेही गती आहे. सुरतेच्या पोलिसांनी २०१५ मध्ये एनईसी या जपानी कंपनीची चेहरा ओळखणारी आज्ञावली घेतली. गुन्हेगार पकडण्यास ती उपयोगी पडेल. पण एखाद्या यंत्रमाग कामगाराचा चेहरा चुकून दुसऱ्याशी जुळला, तर ती चूक आहे हे त्याने कोणास आणि कशाच्या आधारे पटवून द्यावे, या प्रश्नाचे उत्तर यंत्र घेण्यापूर्वीच तयार असावयास हवे.

बारडोलीच्या विजयात एक उणीव होती, ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. हिशेब उघडला गेला तो जमीनधारकांचा. त्यांच्याच शेतावर कर्जापोटी पिढ्यान् पिढ्या राबणारे दुबळा, म्हणजेच हळपती, यांचा हिशेब त्या चौकशीत नव्हता. त्यांचे कर्ज कोणत्या वहीत आणि कोणत्या दराने वाढते, हे कोणी विचारले नाही. त्यांच्यासाठी जुगतराम दव्यांसारख्यांना आणखी अनेक वर्षे खपावे लागले. आजही मोठी बँक आपल्या आज्ञावलीची तपासणी करवून घेऊ शकते, धनिकाला तज्ज्ञ वकील मिळतो. रेशनच्या दुकानात ज्याच्या बोटाचा ठसा यंत्र ओळखत नाही त्या वृद्ध मजुराच्या वतीने आज्ञावली कोण वाचणार? विश्वासार्हतेची खरी परीक्षा त्या दुकानाच्या दाराशी आहे. तेथे यंत्र नाही म्हणाले, तरी त्या मनुष्याचे म्हणणे ऐकून घेणारा आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असणारा एक मनुष्य हजर असावा, एवढी तरतूद प्रत्येक गावाला मागता येण्यासारखी आहे. ती मागण्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. हिशेब दाखवा, एवढे म्हणण्याचे धैर्य लागते. आणि ते सुरत जिल्ह्यातील साध्या शेतकऱ्यांपाशी १९२८ मध्ये होते.